सूर्यास्तानंतरच्या विजेचा हिशेब

२०२५ च्या जून महिन्यात भारताच्या वीजव्यवस्थेने एक मोठा टप्पा ओलांडला. देशात वीजनिर्मितीची जेवढी क्षमता उभी आहे, तिच्यापैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांच्यावर अवलंबून नसलेल्या साधनांची झाली. एकूण क्षमता होती सुमारे ४ लाख ८५ हजार मेगावॉट आणि तिच्यातील जवळजवळ २ लाख ४३ हजार मेगावॉट सूर्य, वारा, पाणी, अणू व जैव पदार्थ यांच्या वाट्याची. पॅरिस करारान्वये हे उद्दिष्ट २०३० सालापर्यंत गाठण्याचे आश्वासन भारताने दिले होते. ते पाच वर्षे अगोदर पुरे झाले. सार्वजनिक कामे मुदतीनंतरच पुरी होतात, अशी सवय जडलेल्या देशात ही घटना अपूर्वच म्हटली पाहिजे. तिच्याबद्दल सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेतली असेल, तर त्यात वावगे काही नाही.

तथापि, उभी असलेली क्षमता ही एक गोष्ट आणि प्रत्यक्ष हाती येणारी वीज ही दुसरी. २०२४-२५ या वर्षात देशात जी वीज तयार झाली, तिच्यापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. निम्मी क्षमता स्वच्छ, पण वीज बहुतांशी काळी, ही विसंगती कोणाच्या लबाडीतून आलेली नाही. कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालविता येते; सौर केंद्र सूर्य तळपत असेल तेवढाच वेळ चालते. वर्षाचे सर्व तास हिशेबात धरले, तर सौर केंद्राकडून त्याच्या पूर्ण क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकीच वीज मिळते. शंभर मेगावॉटचे सौर केंद्र आणि शंभर मेगावॉटचे औष्णिक केंद्र हे कागदावर समान दिसले, तरी व्यवहारात ते समान नाहीत. म्हणून स्वच्छ विजेची चर्चा यापुढे मेगावॉटच्या आकड्यांवर थांबून चालणार नाही. वीज किती, यापेक्षा ती कोणत्या वेळी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की, वाट थेट सह्याद्रीच्या कड्यापाशी येऊन पोचते.

दुपारची सुबत्ता, संध्याकाळची टंचाई

राष्ट्रीय सौर मोहिमेच्या प्रारंभी, २०१० साली, पहिल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला दहा रुपयांच्या वर होता. दहा वर्षांनी, २०२० च्या डिसेंबरात, गुजरातेतील एका लिलावात तो एक रुपया नव्याण्णव पैशांपर्यंत उतरला. नंतर तो काहीसा वर सरकला. परंतु नव्या औष्णिक केंद्राच्या विजेशी तुलना करता दुपारची सौर वीज स्वस्त आहे, याविषयी आता वाद राहिलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. अडचण उत्पन्न झाली ती या यशातूनच. राजस्थानात २०२५ साली भर दुपारी वीज उपलब्ध असूनही ती वाहून नेण्यास पारेषणवाहिन्या अपुऱ्या पडल्या आणि सौर केंद्रांना उत्पादन कमी करण्यास सांगावे लागले. सूर्य तळपतो आहे, यंत्रे सज्ज आहेत आणि वीज मात्र घ्यायला कोणी नाही, असा हा प्रकार होता.

त्याच दिवशी संध्याकाळी चित्र पालटते. सूर्य कलू लागला की, तासा-दीड तासात हजारो मेगावॉट वीज जाळ्यातून नाहीशी होते. कारकून व शिक्षक घरी परततात ते याच वेळी, घरोघर दिवे, पंखे व दूरचित्रवाणी संच सुरू होतात, मुले अभ्यासाला बसतात, दुकाने उजळतात, उन्हाळा असेल तर वातानुकूलन यंत्रेही घरघरू लागतात. नेमक्या त्याच घटकेला औष्णिक केंद्रांना धावपळ करून उत्पादन वाढवावे लागते. दुपारी मंद ठेवलेल्या भट्ट्या संध्याकाळी एकदम भडकविणे हे यंत्रांनाही मानवत नाही आणि खर्चालाही परवडत नाही. महाराष्ट्राने २०१२ सालापूर्वी कित्येक वर्षे भारनियमन सोसले आहे. परीक्षेच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेली पिढी आज नोकरीत आहे. संध्याकाळच्या विजेचे मोल तिला वेगळे सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे दुपारची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवणे. धान्याची कोठारे असतात, पाण्याचे तलाव असतात. विजेला मात्र कोठार नाही. तिचे दुसऱ्या एखाद्या रूपात परिवर्तन करूनच ती साठवावी लागते. लिथियमच्या बॅटऱ्या हे त्याचे एक साधन. ज्यांच्या संशोधनातून त्या घडल्या, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१० नंतरच्या दीड दशकात या बॅटऱ्यांची किंमत सुमारे नऊ-दशांशाने उतरली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२४ च्या एप्रिलमधील एका संध्याकाळी काही वेळ बॅटऱ्या हाच त्या राज्याच्या जाळ्याला वीज पुरविणारा सर्वांत मोठा स्रोत ठरला. दहा वर्षांपूर्वी असे भाकीत कोणी केले असते, तर त्याला स्वप्नाळू म्हणण्यात आले असते. परंतु बॅटरीचे आयुष्य साधारण बारा ते पंधरा वर्षांचे आणि तिच्या आतील सेल बव्हंशी चीनमधून येणार. कोळशासाठी व तेलासाठी परावलंबन होते म्हणून सूर्याकडे वळावे आणि साठवणुकीसाठी पुन्हा परावलंबी व्हावे, हे फारसे दूरदर्शीपणाचे नाही. त्यामुळे धोरणकर्त्यांची नजर एका जुन्या, कसोटीला उतरलेल्या पद्धतीकडे वळली.

डोंगरावरची टाकी

ही पद्धत समजून घेण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. डोंगरावर एक जलाशय आणि पायथ्याशी दुसरा. दुपारी वीज मुबलक असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे; संध्याकाळी तेच पाणी बोगद्यातून खाली सोडून जनित्रे फिरवायची. हजार लिटर पाणी सुमारे ३६७ मीटर उंचीवर असले की, त्याच्या ठायी एक युनिट वीज साठलेली असते. गच्चीवर दिसणारी हजार लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणावी. तेवढे पाणी एवढ्या उंच कड्यावर नेले, तर साठवण झाली अवघ्या एका युनिटची. महिन्याला शंभर युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाची एका दिवसाची वीज अशा रीतीने साठवावयाची, तर तीन-चार टाक्या पाणी रोज डोंगर चढले-उतरले पाहिजे. यात घटही आहे. पाणी चढविण्यास शंभर युनिटे खर्ची पडली, तर उतरताना पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. म्हणजे हे वीज निर्माण करणारे केंद्र नव्हे, ही विजेची पेढी आहे. आणि पेढी आपले शुल्क कापून घेतेच.

शासकीय मराठीत या प्रकल्पांना उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथे १९०९ पासून ती वापरात आहे. वेल्समधील दिनॉर्विगच्या केंद्रासाठी पाटीच्या दगडाची जुनी खाण असलेला डोंगर पोखरण्यात आला आणि १९८४ पासून ते काही सेकंदांत तेराशे मेगावॉटपर्यंत वीज देऊ शकते. महाराष्ट्रात टाटांच्या भिरा येथील केंद्रात दीडशे मेगावॉटचा असा संच आहे. अकोले तालुक्यातील घाटघर आणि कड्याखालील शहापूर तालुक्यातील चोंढे यांच्या दरम्यानचा २५० मेगावॉटचा सरकारी प्रकल्प २००८ पासून चालू आहे. वर घाटघर, खाली कोकण आणि मध्ये चारशे मीटरांचा उभा कडा. निसर्गाने ही पेढी जणू आपण होऊनच बांधून ठेवली आहे.

सह्याद्रीची रचनाच अशी की, थोडक्या मैलांत शेकडो मीटरांचा उतार मिळतो. साहजिकच कंपन्यांचे पाय या कड्याकडे वळले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शिरवता येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी टाटांनी राज्य सरकारशी करार केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने उदंचनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. पाटण तालुक्यातील तारळी आणि भुदरगड तालुक्यातील पाटगाव अशी नावे त्यानंतर पुढे येत गेली. २०२५ पर्यंत झालेल्या करारांची बेरीज पन्नास हजार मेगावॉटच्या पुढे गेली होती. सबंध राज्याची उच्चतम मागणी तीस हजार मेगावॉटच्या आसपास असताना साठवणुकीचे करार मात्र पन्नास हजारांचे. करार म्हणजे प्रकल्प नव्हे, हे खरे आणि यांतील कित्येक करार कागदावरच राहतील, हेही खरे. तथापि, कागदावरच्या रेघेखाली जे गाव येते, त्याचे जमिनीचे व्यवहार आणि घरांची बांधकामे त्या दिवसापासून अनिश्चिततेत सापडतात. मंत्रालयातील समारंभाला दिसणारी ही गोष्ट नव्हे.

मुळशी आणि कोयना

सह्याद्रीच्या पाण्याने मुंबई उजळण्याची ही पहिली वेळ नव्हे. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून टाटांच्या कंपनीने १९१५ साली वीजनिर्मिती सुरू केली. मुंबईच्या गिरण्या तेव्हा दूरवरून आलेल्या कोळशावर चालत आणि शहर त्यांच्या धुराने काळवंडलेले असे. धुराविना मिळणारी ही वीज त्या काळाच्या मानाने स्वच्छ वीजच होती. जमशेटजी टाटांच्या दूरदृष्टीचे ते फळ होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे शंभर वर्षांच्या आसपास अथवा त्याहून अधिक काळ वीज देत आली आहेत. इतकी दीर्घ सेवा कोणत्या बॅटरीने दिली आहे?

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. मुळा व निळा नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार, असे दिसू लागले. ही भाताची खाचरे मावळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली होती. १९२१ च्या एप्रिलात, रामनवमीच्या दिवशी, तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे त्यातूनच सेनापती बापट म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले; विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते मावळ्यांच्या बाजूने उभे राहिले; स्त्रियाही तुरुंगात गेल्या. देशाच्या प्रगतीला विरोध म्हणून त्या लढ्याची हेटाळणी झाली. अखेर तो मोडला. धरण झाले आणि १९२७ साली भिरा केंद्र सुरू झाले. धरणाविरुद्ध विस्थापितांनी संघटितपणे उभारलेला जगातील आरंभीचा लढा म्हणून अभ्यासक आज मुळशीचे नाव घेतात. मावळ्यांची खाचरे मात्र तळाशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर कोयना आली. १९६२ मध्ये तिची वीज वाहू लागली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिची क्षमता १,९६० मेगावॉटवर पोचली. महाराष्ट्राच्या उद्योगांनी जी झेप घेतली, तिच्यात कोयनेचा वाटा मोठा आहे आणि आजही मागणी एकाएकी चढली की, हात कोयनेकडेच जातो. पाटण व जावळी तालुक्यांतील हजारो कुटुंबे त्यासाठी उठली. ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी त्यांची पांगापांग झाली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेचे पाणी अडल्यावर दशकाहून अधिक काळाने. जे मागे, डोंगराच्या अंगाला सरकून राहिले, त्यांच्या भोवती १९८५ साली अभयारण्य आले आणि २०१० साली व्याघ्र प्रकल्प. एकदा पाण्यासाठी उठलेल्यांना पुन्हा वाघासाठी उठावे लागले. पर्यायी जमिनीच्या मागणीसाठी कोयनेचे धरणग्रस्त २०१८ सालीही कोयनानगर येथे ठिय्या देऊन बसले होते. धरण पुरे झाल्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. तेथे बसलेल्यांत ज्यांनी गाव सोडले त्यांची नातवंडे होती. आजोबांच्या जमिनीचा मोबदला नातवाने मागावा, ही कोणत्याही राज्याला भूषणास्पद गोष्ट नव्हे.

सवलतीमागचा तर्क

या पार्श्वभूमीवर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये काढलेली उदंचन प्रकल्पांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे पाहण्यासारखी आहेत. २००८ च्या जलविद्युत धोरणात एक चांगली तरतूद आहे. प्रकल्पाने राज्याला बारा टक्के वीज विनामूल्य द्यावी आणि त्याखेरीज आणखी एक टक्का विजेचे उत्पन्न स्थानिक क्षेत्राच्या विकासनिधीत जमा व्हावे, अशी ती तरतूद. हा एक टक्का म्हणजे ज्या गावांच्या अंगणात प्रकल्प उभा राहतो, त्यांच्या हक्काचा वाटा. उदंचन प्रकल्पांना मात्र या दोन्ही जबाबदाऱ्यांतून मोकळे करण्यात आले आहे. कारण असे दिले गेले की, हे प्रकल्प वीज निर्माण करीत नाहीत, केवळ साठवितात. शिवाय नदीपासून दूर उभारलेल्या अशा प्रकल्पांचा पर्यावरणावरील परिणाम अत्यल्प असतो आणि पुनर्वसनाचा प्रश्न उद्भवत नाही.

या युक्तिवादाचा पहिला भाग मान्य करता येईल. जो घटीने चालतो, त्याच्याकडून विनामूल्य विजेची अपेक्षा करणे गैर ठरेल. दुसरा भाग मात्र तपासून पाहावयास हवा. उदंचनाचे जलाशय मोठ्या धरणांच्या तुलनेने लहान असतात आणि एकदा भरल्यावर तेच पाणी पुनःपुन्हा फिरते. बाष्पीभवनाची तूट तेवढी भरून काढावी लागते. म्हणून बुडणारी जमीन कमी, हे म्हणणे रास्त आहे. परंतु सह्याद्रीतील अनेक नियोजित प्रकल्पांत दोहोंपैकी एक जलाशय जुन्याच धरणाचा आहे. नवा प्रकल्प त्या धरणाच्या पाण्यावर उभा राहणार आणि ते पाणी ज्यांच्या जमिनीवर साठले आहे, त्यांचा प्रश्न अगोदरच्याच खात्यावर थकलेला. नव्या खातेवहीत पुनर्वसनाचा रकाना कोरा दिसतो, याचे कारण देणे फिटले हे नव्हे. जुनी वही बंद करून ठेवली आहे, हे त्याचे कारण आहे.

शिवाय जमीन बुडणे एवढाच परिणाम मोजणे हीही फसवणूकच. वरचा जलाशय पठारावर येतो. तेथील सडे, देवराया आणि गुरांची कुरणे कोणाच्या सातबाऱ्यावर नसली, तरी कोणाच्या तरी जगण्याचा आधार असतात. बोगद्यांसाठी खडक फोडावा लागतो आणि त्याचा राडारोडा कोठेतरी टाकावा लागतो. पावसाळ्यात तो ओढ्यात उतरला की, खालच्या गावाची झोप उडते. पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये आणि डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ मध्ये या पर्वतराजीविषयी अहवाल दिले. संवेदनक्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा वायनाडच्या दरडीनंतर, २०२४ च्या जुलैअखेर, सहाव्यांदा प्रसिद्ध करावा लागला. ज्या तत्परतेने साठवणुकीचे करार झाले, तिच्या निम्म्याने तत्परता या कामी दिसली असती, तर सरकारच्या हेतूविषयी कोणाला शंका घेण्यास जागा राहिली नसती.

कोयनेचा आणखी एक धडा विज्ञानाचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात झालेला भूकंप जलाशयाशी निगडित भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून जगभर अभ्यासला जातो. तेथील भूगर्भाचा वेध घेण्यासाठी केंद्र सरकारने कराडजवळ प्रयोगशाळा उभारली असून सुमारे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र खडकात घेण्यात आले. पाण्याचा चढउतार आणि जमिनीतील हालचाल यांचा संबंध शोधणारे शास्त्रज्ञ जवळच आहेत. तेव्हा त्या टापूत रोज भरणारा व रोज रिकामा होणारा नवा जलाशय आखण्याआधी त्यांचे मत लेखी घ्यावे आणि ते मराठीत प्रसिद्ध करावे. भीती पसरविण्यासाठी नव्हे, तर भीतीला जागा राहू नये म्हणून.

उपायांचा क्रम

याचा अर्थ उदंचन नको, असा मात्र कोणी करू नये. कोळशाच्या राखेखाली चंद्रपूर व कोराडीच्या परिसरातील माणसेही जगत आहेत. सह्याद्रीतील गाव वाचविण्यासाठी विदर्भातील गावाने राख खात राहावे, असे म्हणणे हा शहाणपणा नव्हे. साठवण लागणारच. प्रश्न आहे तो तिचा क्रम कोणता आणि तिची किंमत कोणी द्यावयाची, हा.

सर्वांत स्वस्त साठवण म्हणजे जिची गरजच पडत नाही ती. राज्यात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत. वर्षानुवर्षे त्यांना आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, तर कधी रात्री वीज मिळत आली. कडाक्याच्या थंडीत, साप-विंचवाच्या आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याच्या भयात शेतकरी हातात विजेरी घेऊन रात्री पाणी भरीत आला. पंप दिवसा चालले, तर दुपारची स्वस्त वीज तेथेच खपते, रात्रीचा भार हलका होतो आणि पाणी पिकाखालच्या जमिनीतच साठते. २०१७ साली आरंभिलेली सौर कृषिवाहिनी योजना २०२३ मध्ये नव्याने हाती घेण्यात आली, ती याच विचाराने. अलीकडच्या काळातील हा महाराष्ट्राचा सर्वांत शहाणा निर्णय म्हणता येईल. मात्र तो शेवटच्या रोहित्रापर्यंत पोचला पाहिजे. शहरांतील ग्राहकांनाही दिवसाच्या विजेसाठी स्वस्त दर द्यावा, असे केंद्राचे २०२३ चे नियम सांगतात; सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्क्यांनी कमी असावा, अशी त्यांतील तरतूद आहे. पाण्याची टाकी भरणे, कपडे धुणे, गिरणी चालविणे ही कामे संध्याकाळीच झाली पाहिजेत, असे काही नाही.

यानंतर पाळी यावी ती अस्तित्वात असलेल्या जलाशयांच्या जोड्यांची. कोयनेचे पाणी पोफळीच्या भूमिगत केंद्रातून खाली येते आणि कोळकेवाडीच्या धरणात अडविले जाते. वर शिवसागर, खाली कोळकेवाडी, अशी जोडी तेथे पूर्वीच सिद्ध आहे. कृष्णा लवादाने कोयनेच्या पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. तेच पाणी परत वर नेऊन पुन्हा वापरता आले, तर त्या मर्यादेत राहूनही संध्याकाळची वीज वाढविता येईल. अशा जोड्या आणि जुन्या खाणींचे खड्डे यांचा विचार पुरता झाल्याखेरीज कोऱ्या पठाराला हात लावू नये. बॅटऱ्यांची किंमत ज्या वेगाने उतरत आहे तो पाहता, आज अपरिहार्य वाटणारा जलाशय दहा वर्षांनी अनावश्यकही ठरू शकेल. बॅटरी जुनी झाली की बदलता येते. कापलेला डोंगर पुन्हा सांधता येत नाही.

राहता राहिला किमतीचा प्रश्न. ज्या धरणाच्या पाण्यावर नवा प्रकल्प उभा राहणार असेल, त्या धरणाच्या विस्थापितांचे सर्व दावे निकालात निघाल्याखेरीज त्या पाण्याचा एक थेंबही पंपात जाऊ नये, अशी अट राज्याने आपल्याच धोरणात घालावी. कोणत्याही कंपनीला ती जाचक वाटण्याचे कारण नाही, कारण हे देणे तिचे नसून सरकारचे आहे. आणि कंपनीच्या घाईमुळे सरकारी फाईल हलली, तर तेवढाच तिचा उपयोग. स्थानिक विकासनिधीचा एक टक्का केंद्राने माफ केला असला, तरी राज्याने तो करारातून मिळवावा. साठवणुकीच्या विजेचा दर युनिटला सहा रुपये धरला, तर एक टक्का म्हणजे सहा पैसे. संध्याकाळच्या दिव्यासाठी युनिटमागे सहा पैसे अधिक देण्यास मुंबई-पुण्याचा ग्राहक कुरकुर करील, असे समजणे हा त्याचा अपमान आहे. पाटगावच्या पाण्याबद्दल भुदरगड तालुक्यातून विरोधाचा सूर उमटला, तो पाण्याचा हिशेब कोणी विश्वासाने समजावून दिला नाही म्हणून. पहिल्या भरण्यास किती पाणी लागेल, दुष्काळी वर्षात अग्रहक्क शेताचा की पंपाचा, हे ग्रामसभेत आकड्यांनिशी सांगितले पाहिजे आणि करारात तसे लिहिले पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या मावळ्यांना विचारण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटली नाही. ते राज्य परक्यांचे होते. कोयनेच्या वेळी राज्य स्वकीयांचे होते, परंतु कायदा नव्हता. आज राज्यही आपले आहे, कायदाही आहे, ग्रामसभाही आहे आणि तंत्रज्ञान निवडण्यास सवडही आहे. पूर्वीच्या दोन्ही पिढ्यांना उपलब्ध असलेली कोणतीही सबब या पिढीपाशी उरलेली नाही. धूर नाही एवढ्यावरून वीज स्वच्छ ठरत नाही. ती पेटविणाऱ्याच्या घरातला उजेड आणि ती पुरविणाऱ्या डोंगरावरील माणसाचा हक्क या दोहोंचा मेळ जमला, तरच ते विशेषण तिला शोभेल. तो मेळ घालावयाचा, तर कोयनेच्या थकलेल्या दाव्यांपासून आरंभ करणे, हेच राज्य सरकारपुढील पहिले काम आहे.